डीप बाइट आणि सारखी निघणारी खालची ब्रॅकेट्स

डीप बाइटसाठी, म्हणजे वरचे पुढचे दात खालच्यांना जास्तच झाकतात त्यासाठी, ब्रेसेस लावणार असाल तर डॉक्टरांना आधी हे विचारा, की खालची ब्रॅकेट्स (दातांवर चिकटवतात ते छोटे तुकडे, ज्यांत वायर बसते) लावल्यावर वरचे दात त्यांच्यावर आपटू नयेत म्हणून काय करणार? मला कोणी सांगितलं नाही, कितीतरी महिने वाया गेले, अजून राग येतो.

माझे दात तसे सरळच. पण दाढा मिटल्या की खालचे पुढचे दात दिसायचेच नाहीत आणि वरच्या दातांमागच्या हिरडीला टोचायचे. वरच्या दातांनी खालचे साधारण 2-3 मिमी झाकणं नॉर्मल, त्याहून बरंच जास्त असेल तर दाखवून घ्या. एक्सरे, मापं, वरची ब्रेसेस पटापट झालं.

खालची लावली आणि सुरू झालं. आज बसवलं की थोड्या दिवसांत ब्रॅकेट हातात. क्लिनिकमध्ये दर वेळी तेच, "काहीतरी कडक खाल्लं असणार." अहो मी मऊच खात होते! परत चिकटवायचं, पुढची तारीख काही आठवड्यांनी, तोवर तो दात वायरशिवाय तसाच. आरशात बघून मीच दाखवलं की वरच्या दाताची कड सरळ ब्रॅकेटवर बसतेय, तरी "जपून खा". शेवटी हट्टाने सीनियर डॉक्टरांना भेटले, त्यांनी बघितलं आणि त्याच दिवशी वरच्या पुढच्या दातांच्या मागे बाइट टर्बो लावले, म्हणजे दात भरायला वापरतात तसल्या मटेरियलचे छोटे उंचवटे. खालचे दात त्यांच्यावर टेकतात, मागे दाढांमध्ये फट राहते, मग दाढा हळूहळू वर येतात, पुढचे दाबले जातात आणि बाइट उघडतो. त्यानंतर ब्रॅकेट निघालं नाही!

सुरुवातीला चावताच येत नाही, बोलणंही अडखळतं, घाबरू नका, सवय होते. घास लहान घ्या.

मुलांची वाढ चालू असते, त्यामुळे त्यांचं सोपं पडतं, उशीर करू नका. मोठ्यांना वेळ लागतो, कधी हिरडीतून हाडात छोटे स्क्रू घालून दात वर ओढतात, जबड्यातच जास्त फरक असेल तर सर्जरीही सांगतात.

आणि हो, ब्रेसेस काढल्यावर रिटेनर (दात जागेवर धरून ठेवतो तो) घालायचाच, डीप बाइट परत यायला बघतो. माझ्या रिटेनरलाही पुढच्या दातांमागे तसाच टेकू करून घेतलाय, तुम्हीही विचारून बघा.