स्मिथफिल्डचा कोपरा आणि लँकमचा खर्ज

लँकम हा आयरिश लोकसंगीताचा बँड कळायला हवा असेल तर डब्लिनमध्ये आधी तिकिटाच्या मागे लागू नका. लुअस ट्रामची लाल लाइन पकडा आणि स्मिथफिल्डला उतरा. चौकाच्या वरच्या टोकाला कॉबलस्टोन पब आहे. आत शिरताच दिसणारा कोपरा वादकांचा. तिथली खुर्ची रिकामी दिसली तरी बसायचं नाही. एक धून साधारण तीनदा वाजते आणि न थांबता पुढचीत शिरते, त्यामुळे मध्येच टाळ्या वाजवल्या की फजिती. कोणी गायला लागलं, की बोलणं बंद. २०२१ मध्ये इथे हॉटेल बांधायचा घाट होता. लोक रस्त्यावर उतरले आणि महापालिकेने परवानगी नाकारली.

अशाच बैठकांमध्ये इयन आणि डारा या लिंच भावांना रेडी पीट आणि कॉर्मॅक मॅकडियरमाडा भेटले. आडनावावरून ठेवलेल्या 'लिंच्ड' या नावाला झुंडबळींचा वास येतो, म्हणून २०१६ मध्ये ते बदललं. नवं नाव आलं जॉन रायली या भटक्या समाजातल्या गायकाच्या एका कथागीतातून. २०१७ मध्ये रफ ट्रेड या रेकॉर्ड कंपनीने अल्बम काढला, २०१९ च्या अल्बमला आयर्लंडचा चॉइस पुरस्कार मिळाला, २०२३ चा मर्क्युरी या ब्रिटिश-आयरिश अल्बम पुरस्काराच्या अंतिम यादीत गेला.

खरी गंमत खर्जात आहे. इयनचे इलन पाइप्स, म्हणजे आयरिश बॅगपाइप, जवळून बघा: भाता एका कोपराखाली, हवेची पिशवी दुसऱ्या. तोंडाने फुंकायचं नसल्यामुळे हवा कोरडी राहते, पण खोलीतली हवा बदलली की रीड, म्हणजे सूर काढणारी पातळ पट्टी, रुसते. वादक मध्येच थांबून नळ्या सरकवू लागला, तर तो सूर जुळवतोय असं समजा. मांडीवर चामड्याचा तुकडा असतो. वाजवायच्या नळीचं टोक त्यावर दाबलं की सूर तुटतो. एकच सूर धरून ठेवणाऱ्या तीन नळ्या, म्हणजे ड्रोन, मात्र तंबोऱ्यासारख्या चालूच. त्यात रेडीची पेटी मिसळली, की आपल्या कानाला हे फार परकं वाटत नाही.

नदी ओलांडून पायी पंधरा-वीस मिनिटांवर व्हिकर स्ट्रीट हे सभागृह. त्यांचा २०२४ चा लाइव्ह अल्बम इथलाच. कानात घालायचे बोळे न्याच, खर्ज छातीत घुमतो. आणि 'द वाइल्ड रोव्हर' हे पबमधलं लाडकं गाणं लागलं म्हणून पबमधल्या सवयीने धृपदावर थापा मारायला जाऊ नका. यांनी ते दहा मिनिटांपर्यंत ताणलंय, थापेला जागाच ठेवलेली नाही.