दारातली पोरं

जपानमध्ये अनोळखी माणूस सहसा दारावरची बेल वाजवत नाही. वाजलीच तर कुरिअरवाला, नाहीतर टीव्हीची वर्गणी मागायला आलेला माणूस. शेजारणीला यायचं असेल तर तीही आधी कळवते. त्यामुळे नागोयातल्या आमच्या घराची बेल भरदुपारी वाजली, की इंटरकॉमच्या इवल्याशा पडद्यावर मी आधी माणूस बघते आणि मग आपण घरी आहोत की नाही ते ठरवते.

एका उन्हाळ्यात त्या पडद्यावर दोन गोरी पोरं उभी होती. अर्ध्या बाह्यांचे पांढरे शर्ट, टाय, डोक्यावर सायकलची हेल्मेटं, खिशावर काळी पाटी. नागोयाचा जुलै म्हणजे अंगाला चिकटलेला ओला टॉवेल, आणि यांच्या गळ्यात टायची गाठ घट्ट! मी दार उघडलं ते धर्मासाठी नव्हे, त्यांच्या जपानीसाठी. मी ही भाषा पुण्यात शिकले, परीक्षांची एकेक पायरी चढत, आणि आता भाषांतरावरच पोट भरते. तरी बँकेत फोन करायचा म्हटलं की आधी मनात वाक्य जुळवावं लागतं. ही एकोणीस-वीस वर्षांची पोरं अमेरिकेत युटाहमधल्या प्रोव्हो गावच्या प्रशिक्षण केंद्रात दोनेक महिने व्याकरण घोटून आली होती. बाकीची भाषा त्यांना बंद दारांनी शिकवली. माझा जळफळाट झाला, हे कबूल करायला हरकत नाही.

ही पोरं मॉर्मन. त्यांना स्वतःला हे नाव आता चालत नाही. २०१८ साली त्यांच्या अध्यक्षांनी बजावल्यापासून ‘येशू ख्रिस्ताचे अंतिम दिवसांतील संतांचे चर्च’ असं साग्रसंगीत नाव घ्यायचं असतं. एवढं म्हणून होईपर्यंत समोरचं दार लागलेलं असतं, तेव्हा मी आपली मॉर्मनच म्हणते. मुख्यालय सॉल्ट लेक सिटीत. मुलगा अठरा वर्षांचा झाला की धर्मप्रचाराला, म्हणजे ‘मिशन’ला, जायचा अर्ज करतो, पण कुठं जायचं ते चर्च ठरवतं. एकाच्या वाट्याला घाना येतं, दुसऱ्याच्या ब्राझील, तिसऱ्याच्या त्याच्याच देशातलं शेजारचं राज्य. मुलांना दोन वर्षं, मुलींना दीड. जगभरात एका वेळी अशी ७०,०००हून जास्त माणसं फिरत असतात. पगार तर नाहीच, उलट अमेरिकेतल्या कुटुंबाने मुलापोटी महिन्याला ५०० डॉलर भरायचे. २०२० सालापर्यंत ४०० होते. मुलगा स्वस्त गावात असो की टोकियोत, रक्कम तीच. महागड्या शहरात पडलेल्याचा भार असा सगळ्यांत वाटला जातो, हा हिशेब मला पटला.

ती दोघं आमच्याच गल्लीच्या टोकाला एका जुन्या इमारतीत राहायची. त्या वेळी सासूबाई सांगलीहून आमच्याकडे आल्या होत्या आणि त्यांचा मुक्काम दिवसभर गॅलरीत असे. त्यामुळे पोरांचा दिनक्रम मला त्यांच्याकडूनच कळायचा. साडेसहाला उठणं, कसरत, न्याहारी, मग पुस्तकं घेऊन बसणं, पुढे सायकली बाहेर. रात्री साडेदहाला दिवा बंद. “आपल्या घरात एवढी शिस्त असती तर!” हे त्यांनी मुलाकडे बघून म्हटलं, माझ्याकडे नव्हे, असं मी धरून चालते. सोमवारी गॅलरीभर पांढरे शर्ट. सोमवार हा त्यांचा तयारीचा दिवस. धुणं, बाजार, केस कापणं, जमलंच तर कोको इचिबान्याची जपानी करी. आणि २०१९ सालापासून घरी फोन. त्याआधी आईचा आवाज वर्षातून दोनदा, नाताळला आणि मदर्स डेला. एरवी पत्रं, पुढे ईमेल. सासूबाईंचं लक्ष मात्र शर्टांवर. “कॉलर घासत नाहीत गं ही नीट.”

मला त्यांच्या जगण्यातली सगळ्यात अवघड गोष्ट कुठली वाटली असेल तर ती जोडी. टीव्ही नाही, सिनेमा नाही, पोहणं नाही, मैत्रीण नाही, हे दोन वर्षं निभावता येईल. पण एकटं राहायचंच नाही? जोडीदार नेहमी नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात हवा, झोपायलाही एकाच खोलीत. तो निवडायचा आपण नाही. दर सहा आठवड्यांनी बदल्यांची यादी येते आणि दोघांपैकी एकाला कदाचित बॅग भरावी लागते. त्यातल्या उंच पोराने एकदा हळू आवाजात सांगितलं, की आधीचा जोडीदार पहाटे दात घासताना भजनं गुणगुणायचा आणि त्याच्यावर प्रेम करायला शिकणं हे जपानी लिपीपेक्षा जड गेलं. हे सांगताना आत्ताचा जोडीदार अर्थातच शेजारी उभा होता. दुसरीकडे कुठे असणार!

मग सासूबाईंचा चहा झाला. ऑगस्टचा महिना, आम्ही दोघं कामावर. आदल्या आठवड्यात पोरांना पोहे दिले होते, त्याचा स्टीलचा डबा परत करायला ती आली. सासूबाईंनी दार उघडलं, “या, या, बसा,” म्हणाल्या. भाषा कळली नाही तरी हात कळला. पोरं हसली, कमरेत वाकली आणि जागची हलली नाहीत. लाजत असतील म्हणून सासूबाईंनी उंच पोराचं मनगट धरून ओढलं. त्याचा चेहरा म्हणे पांढराफटक पडला. शेवटी त्यांनी चहा करून ट्रे बाहेर आणला. आलं घालून, दूध जास्त. पोरांनी छातीवर हात ठेवून तोही नाकारला आणि उन्हात सायकली दामटत निघून गेली.

संध्याकाळी निकाल लागला. “मुलं गुणी आहेत, पण सोवळं भारी कडक. उंबऱ्याच्या आत यायचं नाही, हातचा चहा घ्यायचा नाही. आमच्या आत्याबाई परवडल्या.” मी समजावलं. घरात बाई एकटी असेल तर त्यांना आत पाऊल टाकता येत नाही. आणि चहा-कॉफी त्यांच्याकडे वर्ज्य. १८३३ साली त्यांचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांना जो साक्षात्कार झाला त्यात दारू-तंबाखूबरोबर ‘गरम पेयं’ही निषिद्ध ठरली, आणि त्याचा अर्थ चहा आणि कॉफी असा लावला जातो. कुणी पळवाट काढू नये म्हणून २०१९ साली चर्चने हिरव्या चहाचंही नाव घेतलं. जपानमध्ये हे पथ्य पाळणं म्हणजे काय, हे इथं राहणाऱ्यालाच कळेल. इथं कुठंही टेकलात की समोर हिरव्या चहाचा कप येतो. पोरं सातूच्या भाजलेल्या दाण्यांचा काढा पितात, तो चालतो. गरम चॉकलेट चालतं. कोकाकोला चालतो. “कोकाकोला चालतो?” सासूबाईंना हे झेपलं नाही. “मग कसलं सोवळं!” मला मात्र बाई एकटी असण्याचा नियम खटकला होता आणि त्याबद्दल त्यांना काहीच वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून जिरं-कोथिंबीर घातलेल्या ताकाचा तांब्या जिन्यात जायला लागला.

तरीही, घरी येऊन कुणी मला धर्म सांगितलेला आवडत नाही. आमच्याकडे तर हा विषय निघाला की आवाज चढतात. उंच पोराला मी हे पहिल्याच भेटीत सांगितलं. तो म्हणाला, “ठीक आहे. मग काही काम आहे का? उचलायचं वगैरे?” मी विचारलं, असं दिवसातून किती जण म्हणतात. तो नुसता हसला. कारण बहुतेक जण तेवढंही म्हणत नाहीत. जपानमध्ये ख्रिस्ती लोक जेमतेम एक टक्का. त्यात १९९५ साली ओम शिनरिक्यो पंथाने टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन वायू सोडला तेव्हापासून दारावर धर्म घेऊन येणारा कुणीही संशयित. २०२२ साली माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची हत्या झाली. मारेकऱ्याचा राग होता तो आईकडून देणग्या उकळणाऱ्या युनिफिकेशन चर्चवर. त्या चर्चचा या पोरांशी काडीचा संबंध नाही, पण इंटरकॉमच्या पडद्यावर हा फरक दिसत नाही. आमच्या इमारतीतल्या निम्म्या दारांवर ‘प्रचारकांनी येऊ नये’ असे चिकटपट्टीचे कागद आहेत. आताशा चर्चच पोरांना सांगतं म्हणे, की दारोदार फिरण्यापेक्षा ओळखीतून, फोनवरून माणसं जोडा. तरी दुपारी काही हाती नसलं की पाय बेलकडेच वळतात.

दार लागण्याचा इतिहास त्यांच्याकडे चांगला जुना आहे. ऑगस्ट १९०१मध्ये या चर्चचे एक नेते हेबर ग्रँट आणि त्यांचे तीन साथीदार योकोहामाला उतरले. मॉर्मन म्हटल्यावर तिथल्या एका पाश्चात्त्य माणसाच्या निवासगृहाने त्यांना खोलीच दिली नाही. जपान्यांनी दार लावण्याआधी गोऱ्यांनी लावलं. चौघांतला अल्मा टेलर एकोणीस वर्षांचा होता. तो आठ वर्षांहून जास्त इथं राहिला आणि ‘बुक ऑफ मॉर्मन’ या त्यांच्या धर्मग्रंथाचं पहिलं जपानी भाषांतर करून गेला. ते १९०९ साली छापलं गेलं. त्या धर्माशी मला कर्तव्य नाही, पण शब्दकोशांची बोंब असलेल्या काळात एवढा ग्रंथ अंगावर घेणाऱ्या पोराला एक भाषांतरकार म्हणून माझा नमस्कार. इतकं करून १९२४ साली जपानमधलं काम थांबवलं तोवर बाप्तिस्मा घेतलेले दोनशेही नव्हते. १९४८ साली पुन्हा सुरुवात झाली. आज कागदोपत्री सव्वा लाखाच्या वर सभासद आहेत, पण रविवारी प्रार्थनेला येणारे त्यातले थोडेच.

एकदा मी त्यांना सांगितलं, की तुमची माणसं आमच्या पुण्यातही येऊन गेली आहेत. ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मिशनरी १८५२ साली मुंबईला उतरला आणि मग पुण्याला गेला. लष्कराच्या छावणीत त्याच्या प्रचाराला विरोध झाला, हाती लागली मूठभर माणसं, आणि काही वर्षांत तो परतला. पोरांना हे ठाऊक नव्हतं. धाकट्याने लगेच वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, “त्याला तिथलं जेवण आवडलं का?” हा प्रश्न फक्त एकोणीस वर्षांच्या मुलालाच पडू शकतो.

पुढे आम्ही दुसऱ्या मजल्यावरून शेजारच्या इमारतीत तळमजल्यावर गेलो. लिफ्ट नव्हती. फ्रीज, वॉशिंग मशीन आणि सासूबाईंनी हट्टाने आणवलेला दगडी पाटा-वरवंटा, हे सगळं त्या दोघांनी उतरवलं. पैसे घेतले नाहीत. खरं सांगायचं तर त्यांच्या कामातलं हे अंग मला धर्मापेक्षा सरळ वाटतं. २०११च्या त्सुनामीनंतर ईशान्य जपानमधल्या तोहोकूत चिखल उपसणाऱ्यांत या चर्चचे पिवळे जॅकेटवाले होते, आणि त्या चिखलात कुणी कुणाला पुस्तक दिल्याचं ऐकिवात नाही. अर्थात फ्रीज उतरवणारं पोरगं आतून आशा धरून असतं, की उद्या ही बाई प्रार्थनेला येईल. मला ते दिसत होतं. मी गेले नाही. त्यांनी दिलेलं निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक भाषेसाठी चाळलं आणि ठेवून दिलं.

फ्रीज जागेवर लागल्यावर सासूबाईंनी उंच पोराला विचारलं, “नाव काय रे तुझं?” तो पाटीवर बोट ठेवून ‘एल्डर’, म्हणजे मिशनवरच्या मुलांची पदवी, आणि आडनाव म्हणाला. जोडीदारही त्याला तेच म्हणतो, वरिष्ठही तेच. “ते नव्हे. आई काय हाक मारते?” मी भाषांतर केलं. तो थोडा थांबला, मग त्याने नाव सांगितलं. दुसऱ्यानेही न विचारता आपलं सांगून टाकलं. सासूबाईंनी दोन्ही नावांचा यथाशक्ती चोळामोळा केला आणि परत जाईपर्यंत त्या त्याच नावांनी गॅलरीतून हाका मारत राहिल्या.

थंडी सुरू झाली तेव्हा उंच पोराची बदली झाली. जागी दुसरा आला. त्याला ताक आवडेना, तेव्हा माझ्या लेखी प्रकरण तिथेच संपलं. उंच पोराचा मात्र अधूनमधून मेसेज येतो. मिशन संपवून तो घरी गेला, कॉलेजात नाव घातलं आणि सध्या सुट्टीत टेक्ससमध्ये दारोदार फिरून झुरळं-वाळवी मारण्याची वार्षिक कंत्राटं विकतोय. युटाहच्या असल्या कंपन्या मिशनहून परतलेली पोरं हौसेने उचलतात म्हणे. नकार ऐकून ज्यांचं काही बिघडत नाही असे विक्रेते त्यांना आयते मिळतात.

सासूबाईंना फोनवर हे सांगितलं. त्या थोडा वेळ विचार करत होत्या. मग म्हणाल्या, “पण आता तरी आत जातो का? वाळवी काय दाराबाहेरून दिसते?”