अनियमित नाडी आणि उतारवयातला मेंदू

सत्तरी ओलांडलेल्या माणसाचे ठोके अनियमित पडू लागले, की घरच्यांचे लक्ष साहजिकच हृदयाकडे जाते. टूडी इको होतो, अँजिओग्राफी करायची का यावर चर्चा झडते आणि ‘ब्लॉक नाही’ असे कळले की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. परंतु एट्रियल फिब्रिलेशन या विकारात सर्वांत मोठी हानी पुष्कळदा मेंदूची होते, आणि ती टाळण्याची औषधे हाताशी असूनही ती घ्यायला आपण कचरतो.

या विकारात हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहतात. डाव्या वरच्या कप्प्याला, म्हणजे अलिंदाला, लागून एक लहानशी पिशवी असते. तिथे रक्त साकळते, त्याची गुठळी होते आणि ती सुटून वर गेली, की मेंदूची एखादी रक्तवाहिनी बंद पडून पक्षाघात होतो. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील प्रदीर्घ पाहणीतून १९९१ साली असे दिसून आले, की या विकारामुळे पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो. पन्नाशीतील लोकांमध्ये पक्षाघातांपैकी जेमतेम दीड टक्का या विकाराच्या वाट्याला येत होते, तर ऐंशी ते एकोणनव्वद या वयोगटात हे प्रमाण २३.५ टक्क्यांवर गेले होते.

पक्षाघात निदान दिसतो तरी. ज्याची चर्चा फारशी होत नाही, ती हानी मूक असते. या रुग्णांच्या मेंदूचा एमआरआय केला, तर ज्यांना कधीही पक्षाघात झालेला नाही अशांपैकी काहींच्या मेंदूतही जुन्या, लहान इजांचे डाग आढळतात. प्रत्येक इजा स्वतंत्रपणे क्षुल्लक वाटली, तरी त्यांची बेरीज विचारांच्या मंदावलेल्या गतीत, हिशेबातल्या गोंधळात आणि विसराळूपणात दिसू शकते, आणि आपण ‘वय झालं’ म्हणून तिकडे काणाडोळा करतो. रक्ताची गुठळी रोखणाऱ्या गोळ्यांनी स्मृतिभ्रंशही टळतो का, हा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. स्वीडनमधील चार लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवर आधारित, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका २९ टक्क्यांनी कमी आढळला. पण ज्यांना अशी औषधे दिली जातात ती माणसे मुळातच अधिक धडधाकट असण्याची शक्यता असते, त्यामुळे त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. पुढे ब्रेन-एएफ या चाचणीत, पक्षाघाताचा धोका कमी असलेल्या तुलनेने तरुण रुग्णांना रिव्हरोक्सॅबान हे गुठळी रोखणारे नवे औषध देऊन बुद्धीची घसरण थांबली नाही. म्हणून ‘ही गोळी स्मरणशक्तीसाठी आहे’ असे कुणी सांगितले, तर ते मला पटणार नाही. पक्षाघात टळणे हेच वयस्कांच्या दृष्टीने पुरेसे मोठे कारण आहे, कारण पक्षाघातानंतर स्मृतिभ्रंशाची शक्यता वाढते, यात शंका नाही.

आपल्याकडे घोळ होतो तो इथेच. ‘वय फार आहे, रक्तस्राव होईल, त्यापेक्षा ऍस्पिरिन बरी’ हा युक्तिवाद मी अनेक घरांत ऐकला आहे. इंग्लंड आणि वेल्समधील बाफ्टा चाचणीत ७५ वर्षांवरील ९७३ रुग्णांपैकी काहींना वॉर्फरिन ही गुठळी रोखणारी जुनी गोळी, तर काहींना ऍस्पिरिन देण्यात आली. गंभीर पक्षाघात व तत्सम घटनांचे वार्षिक प्रमाण वॉर्फरिनच्या गटात १.८ टक्के, तर ऍस्पिरिनच्या गटात ३.८ टक्के निघाले, आणि मोठ्या रक्तस्रावाच्या बाबतीत दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. पडण्याच्या भीतीचेही तसेच आहे. कॅनडातील संशोधकांनी १९९९ साली मांडलेल्या गणितानुसार, वॉर्फरिनच्या फायद्यापेक्षा मेंदूभोवतीच्या रक्तस्रावाचा धोका वरचढ ठरायला माणसाला वर्षातून सुमारे २९५ वेळा पडावे लागेल. गणित कागदावरचे आहे हे मान्य, तरी पडणे हे एकटे कारण गोळी बंद करण्यास पुरेसे ठरू नये. आधी झालेला रक्तस्राव, मूत्रपिंडांची स्थिती आणि सोबतची वेदनाशामके यांचा विचार मात्र डॉक्टरांनी करायलाच हवा. संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप गंभीररीत्या अरुंद झालेल्यांना किंवा धातूची झडप बसवलेल्यांना रिव्हरोक्सॅबानसारखी नवी औषधे चालत नाहीत. त्यांना वॉर्फरिनसारखी जुनीच गोळी, रक्त गोठायला किती वेळ लागतो हे पाहणारी नियमित आयएनआर तपासणी आणि पालेभाज्यांच्या प्रमाणातले सातत्य सांभाळावे लागते.

माझ्या आत्याचा विकार मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी काढलेल्या ईसीजीत सापडला. तोवर तिला धडधड अशी जाणवलीच नव्हती. म्हणून साठीनंतर अधूनमधून मनगटावर तीन बोटे ठेवून पूर्ण मिनिटभर नाडी पाहावी. ठोक्यांमधील अंतर कोणत्याही क्रमाविना कमीजास्त होत असेल, तर ईसीजी काढावा. तो नॉर्मल आला तरी शंका मिटतेच असे नाही, कारण हा विकार काहींना काही तासांपुरताच येऊन जातो, आणि अशा वेळी होल्टर यंत्र लावून चोवीस तास किंवा त्याहून अधिक काळ नोंद घ्यावी लागते.