तुळजापूर राहिलं

नोव्हेंबरअखेरची सहल. आठवीची ४० मुलं, आम्ही चार शिक्षक आणि एसटीची लाल बस. सकाळी सोलापूरहून नळदुर्ग, दुपारी तुळजापूर, संध्याकाळी सहापर्यंत परत. सहलप्रमुख मी. शिक्षण विभागाची परवानगी, पालकांची संमतीपत्रं, एसटीच्या ५० टक्के सवलतीचा अर्ज, सगळं पंधरा दिवस आधी झालं होतं. हवामानाचा अंदाज मात्र मी तीन दिवस आधी एकदाच पाहिला. तेवढ्यात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं होतं, आणि निघायच्या सकाळी मी फोन उघडून पाहिलंच नाही. ही चूक माझी, ती आधीच सांगते.

नळदुर्गच्या किल्ल्यातला पाणी महाल मुलांना फार आवडला. बोरी नदीवरच्या धरणाच्या भिंतीतच महाल बांधलाय, इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात. चारशे वर्षांपूर्वीची ती थंडगार खिडकी सोडायला कुणी तयार नव्हतं. तिथून आम्ही उपळी बुरुजाकडे निघालो. निम्मी मुलं वर पोचली असतील नसतील, तोच पूर्वेकडून आभाळ काळं झालं आणि वीज चमकली.

विज्ञानाच्या सरांनी वर्गात शिकवलं होतं की वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजायचे आणि तीनने भागायचं, तेवढे किलोमीटर. एका मुलाने मोठ्याने मोजलं, "अठरा, बाई!" म्हणजे सहा किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर उघड्यावर थांबायचंच नाही, हे मला माहीत होतं. आणि आम्ही उभे होतो आसपासच्या सगळ्यात उंच जागी.

उतरताना मी पळू दिलं नाही. ओल्या दगडी पायरीवर पळापळ झाली तर विजेआधी पायरीच घात करते. दहा-दहा मुलांचे चार गट आणि प्रत्येक गटाला एक शिक्षक असं सकाळीच ठरलं होतं, त्याचा त्या दहा मिनिटांत खरा उपयोग झाला. खाली आल्यावर चार-पाच जण एका मोठ्या झाडाकडे धावले. मी आयुष्यात एवढ्या जोरात कुणावर ओरडले नसेन. बस सगळ्यात सुरक्षित, पण ती किल्ल्याबाहेर होती आणि मध्ये मोकळं पटांगण. दरवाज्यालगतच्या देवड्या, म्हणजे पहारेकऱ्यांच्या दगडी खोल्या, जवळ होत्या, तिथे सगळ्यांना बसवलं, भिंतीला न टेकता. मग गारा आल्या. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून पूर्ण अर्धा तास आम्ही हललो नाही. मुलं कंटाळली, पण सरांनी घड्याळ त्यांच्याच हातात दिलं होतं.

बसमध्ये बसल्यावर मी सांगितलं की तुळजापूर रद्द, सोलापूरला परत जायचं. मागच्या बाकावर एक मुलगी रडायला लागली. आईने तिच्याकडे देवीच्या ओटीचं सामान दिलं होतं, खण आणि नारळ. तिला काय सांगावं, मला सुचेना.

वाटेवरचं इटकळ गाव ओलांडलं आणि वाहनांची रांग लागली. पुढे एक कंटेनर आडवा झाला होता. एकाने काचेवर थाप मारून सांगितलं, आतल्या रस्त्याने काढा, तासात सोलापूर. चालक काकांनी विचारलं, "मधी ओढा हाय न्हवं? पूल कसला हाय?" फरशी पूल होता, ओढ्याला पाणी चढलं की बुडणारा बुटका पूल. काकांनी मान हलवली. "पान्याखाली रस्ता हाय का वाहून गेलाय, मला वरनं दिसत न्हाई. मी न्हेणार न्हाई, बाई." आमच्याकडच्या काळ्या रानातलं पाणी ओढ्यात किती झपाट्याने उतरतं, हे त्यांना माहीत होतं. मी म्हटलं, इथेच थांबायचं. एका ढाब्याच्या मालकाने मागची पत्र्याची खोली उघडून दिली.

खरी कसोटी त्यानंतर लागली, फोनवर. नेट चालत नव्हतं आणि पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी पुरात अडकलेल्या दुसऱ्याच बसचा व्हिडिओ टाकला होता. माझ्या फोनची बॅटरी १४ टक्के, आणि सगळे नंबर त्याच फोनमध्ये. साधा एसएमएस मात्र जात होता. मी शाळेत थांबलेल्या शिपाईमामांना आणि दोन पालकांना एकच मजकूर पाठवला: "५.५०. सर्व ४० मुले सुखरूप. इटकळच्या पुढे महामार्गावर ढाब्यात थांबलो आहोत. पुढचा निरोप ६.३० ला." साडेसहाला नवीन सांगण्यासारखं काही नव्हतं, तरी पाठवला. सातलाही पाठवला. नंतर एका वडिलांनी सांगितलं की त्या ठरलेल्या वेळांमुळे ते मोटारसायकल काढून निघाले नाहीत. त्या पावसात ते निघाले असते तर, हा विचार मला अजूनही झोपू देत नाही.

खोलीत डबे उघडले. कडक भाकरी आणि शेंगाचटणी दिवसभर डब्यात राहिली तरी बिघडत नाही, आणि आमच्या मुलांच्या डब्यात दुसरं असतं काय! सोलापूरच्या पूर्व भागातल्या, तेलुगू घरांतल्या दोन मुली तेलुगूत गाणं म्हणू लागल्या. ज्यांना येत नव्हतं त्यांनी टाळ्या धरल्या. ढाबेवाल्याने चहाचे पैसे घेतले नाहीत.

आठच्या सुमारास रस्ता मोकळा झाला. बोरामणी मागे पडलं तेव्हा पाऊसही उघडला होता. पावणेदहाला शाळेच्या दारात पोचलो. गेट भरून पालक उभे होते, तरी मी कुणाला परस्पर उतरू दिलं नाही. यादीतलं नाव, समोर पालक, सही, मग मूल.

ओटीवाल्या मुलीची आई शेवटी आली. मी म्हटलं, "ताई, तुमची ओटी राहिली. मीच रद्द केलं तुळजापूर."

तिने पिशवी घेतली, नारळ चाचपला आणि लेकीचे ओले केस पदराने पुसत म्हणाली, "आई कुठं जातीया, बाई? मंगळवारी आमीच जाऊ. तुमी आदी घरी जावा, गारठलाय."