परवारी

एक रिपोर्ट चार महिने झाले माझ्या टेबलावर पडून आहे, त्यातला एक रकाना मला भरता येत नाहीये, म्हणून हे लिहितोय.

माझं काम जुनी रेकॉर्डं वाचायचं. मोडी, आणि कंपनी सरकारच्या वेळचं वळणदार इंग्रजी. हल्ली येतात ते बहुतेक सगळे जात पडताळणीसाठी, पणजोबाच्या नावापुढे 'कुणबी' ही तीन अक्षरं कुठे सापडतात का बघा म्हणून. कोतवाल बुकं, शाळांची जनरल रजिस्टरं, पोटापाण्याचं हेच. मॉरिशसची कामं सुरू झाली 2024 च्या मार्चनंतर, तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांना सातव्या पिढीपर्यंत ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड देणार असं आपल्या राष्ट्रपतींनी तिकडे जाऊन जाहीर केलं तेव्हापासून.

त्यातल्याच एक ताई. रिटायर्ड शिक्षिका, आयुष्यभर तिकडच्या शाळेत मराठी शिकवलेलं, त्यामुळे बोलतात अगदी पुस्तकातलं, आणि मला पहिल्या फोनपासून भाऊ म्हणतात. मूळ पुरुषाचा उतारा त्यांनी मोकाच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधून आधीच काढला होता. उसाच्या मळ्यांवर करार करून नेलेल्या लोकांची रजिस्टरं तिथे आहेत. 1834 च्या नोव्हेंबरात 'अॅटलस' जहाजातून पहिले 36 जण उतरले आणि 1910 पर्यंत साधारण साडेचार लाख माणसं त्या एवढ्याशा बेटावर गेली. बहुतेक बिहारकडची कलकत्त्याहून, पण आपली कोकण-साताऱ्याकडचीही मुंबईहून गेली. आपल्याकडे जुनी माणसं पांढऱ्या साखरेला 'मोरस' म्हणायची ना, ती ह्या मॉरिशसची साखर. माझी आजी म्हणायची. ती कोणी पिकवली हा प्रश्न तिला कधी पडला नाही, मलाही हे काम हातात येईपर्यंत पडला नव्हता.

बाहेरच्याला कळत नाही ते सांगतो. आडनावावरून काहीही सापडत नाही. उतरल्यावर कारकुनाने पणजोबाचं नुसतं नाव लिहून घेतलं, तेही कानाला ऐकू आलं तसं, आणि पुढे तेच घराण्याचं आडनाव झालं. आडनावावरून गाव सांगतो म्हणून पैसे घेणारे लोक सरळ फसवतात, मी कोणाचं नाव घेत नाही पण असे गावकागद मी हातात घेऊन बघितलेत. खरा धागा म्हणजे नंबर. प्रत्येकाला उतरताना एक नंबर मिळायचा आणि तो मरेपर्यंत चिकटायचा. त्या नंबरापुढे बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, जिल्हा, परगणा, गाव, जहाज. (नंबर आणि जहाजाचं नाव इथे लिहीत नाही, त्यावरून घर ओळखता येतं.)

ताईंच्या पणजोबांच्या परगण्यात लिहिलं होतं यू-एन-जे-यू-एन-डब्ल्यू-ई-डबल एल. आधी ज्याने हे काम घेतलं होतं त्याने नकाशा उघडून अंजनवेल गाव काढून दिलं होतं, गुहागरजवळचं, गोपाळगड किल्ल्याचं. चूक! 1850 च्या आसपास अंजनवेल हा तालुका होता, आज ज्याला आपण चिपळूण-गुहागर म्हणतो तो बराचसा भाग त्यात यायचा. तसंच सुवर्णदुर्ग, तसंच विजयदुर्ग. हे माहीत नसेल तर माणूस किल्ल्यावर फोटो काढून घरी जातो आणि गाव राहतं वीस मैलांवर.

गावाचं स्पेलिंग मात्र लागेना. ताई म्हणायच्या दोघे सख्खे भाऊ एकाच जहाजातून आले, दुसऱ्या भावाचं घराणं शेजारच्या गावात आहे, आमच्यात सोयरीक होत नाही कारण आम्ही एकच. मी म्हटलं मग त्या भावाचा पण उतारा काढा, त्याच्या नोंदीत कदाचित स्पेलिंग बरं असेल. हे मी सांगितलं. ओसीआयला त्याची काहीच गरज नव्हती.

उतारा आला. लागोपाठचा नंबर, तेच जहाज, तेच गाव, आणि खरंच स्पेलिंग सुधारलेलं. मोठ्याने चारदा वाचलं आणि गाव लागलं. बापाचं नाव वेगळं होतं. जातीच्या रकान्यात पहिल्याच्या नोंदीत कुणबी होतं, दुसऱ्याच्या 'परवारी'. ताईंनी त्याचा फोटो पाठवून खाली लिहिलं होतं, "परिवारी म्हणजे एकाच परिवारातले ना भाऊ? बापाचं नाव कारकुनाने चुकवलं."

परवारी म्हणजे महार. मुंबई आर्मीच्या जुन्या कागदांत इंग्रज हाच शब्द लिहायचे.

मी उत्तर दिलं, "गाव सापडलं, तुम्ही या." बाकी काही लिहिलं नाही. समोरासमोर सांगू म्हटलं.

डिसेंबरात त्या आल्या. चिपळूणपासून गाडीत दीड तास मी तोंड उघडायचा प्रयत्न करत होतो आणि त्या खिडकीतून बघत विचारत होत्या हे झाड कसलं, ते कसलं. गावात मोठं स्वागत झालं. देवळात नारळ झाला, ओटी भरली, मुलांनी जाखडी नाच धरला तर ताई उभ्या राहून म्हणाल्या, "अहो ही तर आमची झाकरी!" आणि पावलांचा ठेका धरला त्यांनी बरोबर, साठी ओलांडलेल्या बाईने. आणि मग सगळ्यांसमोर पर्समधून दोन्ही उतारे काढून विचारलं, "इथे परवारी लोकांची घरं कुठे आहेत?"

कोणालाच शब्द कळला नाही. एक म्हणाला परवारी नाही, पवारांची वाडी आहे खाली. मी त्यांना देवळाच्या पायरीवर बाजूला बसवलं आणि तिथे सांगितलं, जे गाडीत सांगायला हवं होतं.

त्या बराच वेळ उताऱ्याकडेच बघत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे त्यांना ह्या देवळात येता येत नव्हतं."

"नाही."

"आणि आमच्या घरात?"

"घरातही नाही. पाणीसुद्धा वरून ओतलं असतं."

त्या उठल्या, चपला घातल्या, म्हणाल्या मला तिकडे न्या. बौद्धवाडी ओढ्यापलीकडे. विहार बंद होता, एका म्हाताऱ्या आजींनी पडवीत चटई टाकून चहा दिला. ताईंनी उतारा दाखवला, तुमच्यातले एक आमचे भाऊ होते म्हणाल्या. आजींनी विचारलं, "मंग त्येंचं लगीन कोनात झालं गो थय?" ताईंना उत्तर माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

तेव्हापासून हेच डोक्यात आहे. एका गावची दोन पोरं, लहानपणापासून एकमेकांना ओळखणारी पण अंतर राखून. मग मुंबईचा मजुरांचा डेपो, मग शिडाच्या जहाजात साधारण दीड महिना, सगळ्यांचं एकाच भांड्यात शिजलेलं. लोक म्हणतात जहाजभाई, म्हणजे एका जहाजातून आले म्हणून मानलेले भाऊ, तिथे झाले, जहाजात. पण कागद तसं म्हणत नाही. पोर्ट लुईला उतरून जिथे नोंद झाली तिथे दोघांनी आपापला बाप आणि आपापली जात वेगवेगळी सांगितली आहे. आज त्याला आप्रवासी घाट म्हणतात, तिथे पायऱ्या आहेत. त्या पायऱ्या चढल्या तेव्हा तरी कारकुनासमोर ते भाऊ नव्हते. मागेपुढे उभे मात्र होते, नंबर लागोपाठ आहेत. म्हणजे भाऊ व्हायचं त्यांनी नंतर ठरवलं, मळ्यावर, कधीतरी, आणि इतकं पक्कं ठरवलं की आजपर्यंत दोन घरांत लग्न होत नाही. ह्या एवढ्या मोठ्या गोष्टीचा कागद कुठल्याच दप्तरात नाही, आणि मी पंधरा वर्षं ज्या रकान्यावर जगतोय त्याचा मात्र स्वच्छ अक्षरात आहे.

जाताना विमानतळावर ताई म्हणाल्या, "ओसीआयचं तुम्ही तुमच्या नियमाने करा. पण घरासाठीच्या वंशावळीत त्या दोघांचं नातं भाऊ लिहा. तिकडच्या काकांना हे मी सांगणार आहे का ते मला अजून ठरवायचं आहे."

ओसीआयचे कागद मी पुढच्याच आठवड्यात पाठवले. वंशावळीच्या रिपोर्टवर माझी सही आणि शिक्का लागतो, आणि आजवर पुरावा नसलेलं नातं मी कोणालाच लिहून दिलेलं नाही, पैसे देतो म्हणणाऱ्यांनाही नाही. दोन्ही नावं, दोन्ही बाप, गाव, जहाज, सगळं टाइप करून झालंय. नात्याचा रकाना तेवढा राहिलाय.