आमची वाटचाल : मोडक्या ट्रॉल्यांपासून स्वतःच्या प्लॅटफॉर्मपर्यंत

आमच्या शेडमध्ये सुरुवातीची काही वर्षं नवीन असं काही बनतच नव्हतं. दुसऱ्यांनी बनवलेलं मोडून आलं की जोडून द्यायचं, एवढाच धंदा. डाय (प्रेसमध्ये पत्र्याला आकार देणारे जड साचे) वाहून नेणाऱ्या ट्रॉल्या, कॉइल (पत्र्याची गुंडाळी) ठेवायचे स्टँड, मशीन सरकवायचे स्किड, लोखंडी पॅलेट असा सगळा जड माल. दुरुस्तीच्या कामाला ना नाव असतं ना मार्जिन, पण जड वजनाखाली लोखंड नेमकं कुठे हार मानतं हे रोज समोर बघायला मिळतं. पुढे आम्ही जे काही डिझाइन केलं ते या बघण्यातूनच आलं.

माल मोडायचा तो ठरलेल्या जागी. मधोमध तुटलेला प्लॅटफॉर्म आमच्याकडे क्वचितच आला. मोडायचं ते चाकाच्या बैठकीजवळ, टो-बार (ओढायचा दांडा) जिथे जोडलेला असतो तिथे, फोर्कलिफ्टचे फोर्क आत शिरतात त्या तोंडाशी, आणि खालची रिब (पत्र्याला आधार देणारी उभी पट्टी) जिथे संपते तिथे. पहिल्या तीन जागांचं कारण कोणालाही कळेल, तिथे धक्के बसतात. रिबच्या टोकाचं गणित मात्र डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी आम्ही डाय पेनिट्रंट (इथे डाय म्हणजे साचा नव्हे, बारीक भेग दाखवणारा रंग) वापरायला लागलो. जोडाची जागा वायरब्रशने स्वच्छ करायची, लाल रंग फवारायचा, तो फटीत मुरेपर्यंत थांबायचं, वरचा सगळा पुसून काढायचा आणि पांढरा डेव्हलपर मारायचा. थोड्या वेळाने त्या पांढऱ्यावर केसासारखी बारीक लाल रेघ उमटते. गंमत म्हणजे ती रेघ वेल्डच्या मधून क्वचित जायची. वेल्डचा काठ जिथे पत्र्याला टेकतो तिथून निघून ती पत्र्यात शिरलेली असायची. म्हणजे वेल्ड चांगला होता, वेल्डरचा हात चांगला होता, पण डिझाइनने त्याला नको तिथे वेल्ड मारायला लावलं होतं.

हा सगळा धातूच्या थकव्याचा (फॅटीगचा) प्रकार. एकदाच वजन ठेवलं तर काही होत नाही, पण तेच वजन हजारो वेळा चढलं-उतरलं की भेग पडते. वेल्ड केलेल्या जोडाचा हिशेब निष्ठुर आहे: दर फेरीला पडणारा ताण दुप्पट झाला तर आयुष्य निम्मं होत नाही, साधारण आठवा हिस्सा होतं. आणि इथे भारी ग्रेडचं स्टील घेऊन काही साधत नाही, कारण वेल्डच्या काठाचं फॅटीग आयुष्य स्टीलच्या ग्रेडवर जवळपास अवलंबूनच नसतं. उपाय साधे आहेत. रिबचं टोक एकदम न कापता उतरतं ठेवायचं, वेल्ड टोकावरून वळवून बंद करायचा, खालच्या बाजूला जिथे ताण जास्त तिथे आडवा वेल्ड शक्यतो येऊच द्यायचा नाही, आणि गसेट (कोपऱ्याला आधार देणारी तिकोनी पट्टी) लावायचं तर ते कमी ताणाच्या जागी संपवायचं. दुरुस्तीला आलेल्या ट्रॉल्यांवर आम्ही हे करून द्यायला लागलो आणि त्या परत येईनाशा झाल्या. धंद्याच्या दृष्टीने हे वाईटच, असं आमचा वेल्डर गमतीने म्हणायचा.

अशाच एका दुरुस्तीच्या गिऱ्हाइकाने विचारलं, की जोडून एवढं चांगलं देता तर नवीनच का बनवत नाही? पहिली ऑर्डर अशी मिळाली. डाय स्टोअरमधून प्रेसपर्यंत डाय न्यायचा प्लॅटफॉर्म, भार 3 टन.

गिऱ्हाइकाची पहिली मागणी तेव्हा होती आणि आजही हमखास असते: "पत्रा जाड टाका." जाड पत्रा बघायला मजबूत वाटतो, त्यामुळे हा वाद आम्ही आयुष्यभर घालत आलोय. साधा हिशेब सांगतो. स्टीलचा 1 मिलिमीटर जाडीचा पत्रा चौरस मीटरला 7.85 किलो भरतो. 2 मीटर बाय 1.5 मीटरचा प्लॅटफॉर्म म्हणजे 3 चौरस मीटर. 12 मिलिमीटरऐवजी 6 मिलिमीटरचा पत्रा घेतला तर सुमारे 141 किलो वाचतात. 100 मिलिमीटर उंचीचं चॅनेल (इंग्रजी C आकाराचा लोखंडी बार) मीटरला साधारण साडेनऊ किलो जातं, म्हणजे त्या वाचलेल्या वजनात चौदा-पंधरा मीटर चॅनेल बसतं. दीड मीटरचे नऊ आडवे तुकडे पत्र्याखाली टाका आणि मग झोळ येतो का बघा. लोखंड वाकण्याला जो विरोध करतं तो त्याच्या उंचीच्या घनाप्रमाणे वाढतो; उंची दुप्पट केली की ताठपणा आठपट. जाडी वाढवून मिळतं त्याहून किती तरी जास्त ते उंची वाढवून मिळतं, आणि वजन तेवढंच राहतं.

इथे आणखी एक गैरसमज नेहमी आडवा येतो. झोळ कमी करायला कोणी हाय टेन्साइल स्टील सुचवतं. ते मोडायला जास्त ताण लागतो हे खरं, पण वाकण्याच्या बाबतीत साधं स्टील आणि भारी स्टील सारखंच वागतं. दोघांचा स्थितिस्थापकता गुणांक सुमारे 200 गिगापास्कलच. भारी स्टील घेऊन सेक्शन बारीक केला तर प्लॅटफॉर्म मोडणार नाही, पण आधीपेक्षा जास्त वाकेल. आणि डायखालचा प्लॅटफॉर्म वाकला की डाय प्रेसच्या बेडवर सरकत नाही, अडकून बसतो.

चाकांनी आम्हाला जास्त शिकवलं. 3 टन भार, प्लॅटफॉर्म स्वतः 400 किलो, एकूण 3400. चार चाकं, म्हणून चाकाला 850 किलो, असा हिशेब मांडून चाकं विकत घेणारे खूप भेटतात. पण ताठ प्लॅटफॉर्म आणि थोडी उंचसखल फरशी एकत्र आली की चौथं चाक हवेत असतं, नाही तर नुसतं टेकलेलं. म्हणून आम्ही एकूण वजनाला तिनाने भागतो: चाकाला 1133 किलो, आणि त्यावरचं पुढचं माप निवडतो. या नियमावर आम्ही तडजोड करत नाही. चाक महाग पडतं म्हणून कोटेशन नाकारलं गेलं तर जाऊ दे म्हणतो.

चाक कशाचं हवं हे मात्र जागा बघितल्याशिवाय सांगता येत नाही. ओतीव लोखंडी गाभ्यावरचं पॉलियुरेथेन आवाज करत नाही, फरशी राखतं, पण भरलेली ट्रॉली महिनोन् महिने एकाच जागी उभी ठेवली तर त्याला सपाट चट्टा पडतो, आणि भट्टीशेजारच्या उष्णतेत ते मऊ होतं. नायलॉन सहज फिरतं पण कडक असल्याने फरशीला खड्डे पाडतं. घडीव (फोर्ज्ड) स्टीलचं चाक भार कितीही घेतं आणि सगळ्या शॉपला आपण आल्याची खबर देतं. चाकाचा व्यास लहान ठेवला तर प्लॅटफॉर्मची उंची कमी राहते म्हणून तो मोह होतो. मग काँक्रीटच्या जोडाच्या फटीत चाक अडकतं आणि चार माणसं त्याला शिव्या घालत बाहेर काढतात.

ढकलण्याचाही हिशेब आहे. सपाट फरशीवर चांगल्या पॉलियुरेथेन चाकांवर भार ओढायला त्याच्या 2 ते 3 टक्के जोर लागतो असं आम्ही धरतो. 3400 किलोला 70 ते 100 किलोंचा जोर, आणि सुरुवातीचा झटका त्याहून मोठा. त्यात 50 ला 1 असा चढ असला तर आणखी 68 किलोंची भर. डोळ्याला तो चढ दिसतही नाही. आणि उतारावर तेच 68 किलो उलट बाजूने माणसाच्या अंगावर येतात. त्यामुळे दोन टनांच्या वर आम्ही हाताने ढकलायचं हँडल लावूनच देत नाही. टो-बार आणि ब्रेक. माणसं आहेत की ढकलायला, असं सांगणारे सुपरवायझर भेटतात. त्यांच्याशी बोलताना आवाज थोडा चढतो हे खरं.

या सगळ्यातून आमचा चौकशीचा कागद तयार झाला. "किती टन?" हा प्रश्न त्यात आहे, पण पहिला नाही. पहिला प्रश्न: वजन प्लॅटफॉर्मवर टेकतं कसं? 5 टन पोती पसरून ठेवली तर ती सगळ्या पृष्ठभागावर वाटली जातात. 5 टनांची कॉइल एका रेघेवर टेकते. 5 टनांचं मशीन चार पायांवर, आणि पायाखाली हाताच्या पंजाएवढी जागा. तिन्हींसाठी आतली मांडणी वेगळी. मग पुढचे प्रश्न: उचलणार कशाने, फोर्कलिफ्ट की क्रेन? वजन अलगद टेकवणार की आदळणार? एकावर एक ठेवणार का? उघड्यावर राहणार का? वळायला जागा किती? बहुतेक गिऱ्हाइकं सुरुवातीला वैतागतात. कागद भरून झाला की मेंटेनन्सवाले स्वतःहून दोन प्रश्न वाढवतात, आणि तेच बऱ्याचदा सगळ्यात कामाचे निघतात.

पॅलेटच्या बाबतीत तर तीन भार वेगळे लिहावे लागतात. जमिनीवर ठेवलेलं असताना, फोर्कवर उचललेलं असताना, आणि रॅकवर फक्त दोन कडांवर टेकलेलं असताना. पहिला आकडा सगळ्यात मोठा असतो, म्हणून विकणारे तोच सांगतात. रॅकवर ठेवायचं पॅलेट तो आकडा बघून घेतलं की मधे झोळ आलाच. आम्ही नेमप्लेटवर तिन्ही आकडे खोदून देतो, स्टिकर नाही, कारण स्टिकर पहिल्या महिन्यात निघून जातो. फोर्कच्या तोंडाशी पट्टी जाड आणि आतून उतरती ठेवतो, कारण फोर्कलिफ्टवाला दर वेळी बरोबर मधोमध येईल ही अपेक्षाच चुकीची. हँड पॅलेट ट्रकचे फोर्क खाली केल्यावर साधारण 85 मिलिमीटर उंचीला असतात आणि बाहेरून 540 किंवा 685 मिलिमीटर रुंद. खालची मोकळी जागा त्यावरून ठरते.

क्रेनने उचलायचे कान (हुक अडकवायच्या जागा) हा वेगळा विषय, पण एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. दोन पायांचा स्लिंग (उचलायचा दोर किंवा साखळी) जमिनीशी 30 अंशांचा कोन करत असेल, तर प्रत्येक पायात निम्मा नव्हे, पूर्ण भाराइतका ताण येतो. शिवाय दोन्ही कान आत खेचले जातात. त्यामुळे आम्ही कान स्लिंगच्या ओढीच्या दिशेने फिरवून बसवतो, आणि कमीत कमी चालणारा कोन त्यांच्या शेजारीच रंगवतो.

उघड्यावरच्या कामासाठी गॅल्व्हनायझिंग (लोखंडावर जस्ताचा थर चढवणं) सुरू केलं तेव्हा डिझाइन पुन्हा बदललं. जस्ताचं कुंड साधारण 450 अंश सेल्सियसला असतं. बंद पोकळ पाइपात ओलावा अडकला असेल तर त्याची वाफ होऊन पाइप फुटू शकतो, म्हणून प्रत्येक पोकळ सेक्शनला हवा जायला आणि जस्त निथळायला छिद्रं ठेवावीच लागतात. तीच छिद्रं पुढे पावसाचं पाणी बाहेर काढतात. 6 मिलिमीटरच्या वरच्या लोखंडावर सरासरी 85 मायक्रॉनचा थर मिळायला हवा, तो आम्ही गेजने मोजून घेतो. पावडर कोटिंग दिसायला झकास, पण ज्या पृष्ठभागावर माल घासतो तिथे ते टिकत नाही. तसं आम्ही स्पष्ट सांगतो. तरी रंग हवाच असेल तर फक्त बाजूंना मारतो.

दर नवीन डिझाइनचा पहिला नमुना आम्ही नेमप्लेटपेक्षा 25 टक्के जास्त वजन ठेवून तपासतो. मधोमध डायल गेज (किती वाकलं ते काट्याने दाखवणारं मोजमाप यंत्र) लावायचा, वजन चढवायचं, आकडा लिहायचा, तसंच ठेवायचं, मग उतरवायचं. चढवल्यावरचा आकडा गिऱ्हाईक बघतं, आम्ही बघतो तो उतरवल्यानंतरचा. काटा शून्यावर आला नाही तर कुठे तरी लोखंड कायमचं वाकलं, आणि तो नमुना पुढे जात नाही. संगणकावरचं विश्लेषण आता करतोच, लाल-निळी चित्रं कोटेशनबरोबर छान दिसतात. पण प्लॅटफॉर्म फरशीवर कसा टेकला आहे हे त्याला आपणच सांगायचं असतं, आणि चारही चाकं टेकली आहेत असं सांगितलं तर ते निमूटपणे मान्य करतं.

एका गिऱ्हाइकाने आमचं ड्रॉइंग घेतलं आणि दुसरीकडून स्वस्तात बनवून घेतलं. राग आला होता. त्यातले काही प्लॅटफॉर्म पुढे दुरुस्तीला आमच्याकडेच आले. बाहेरून माप हुबेहूब, पण रिबची टोकं काटकोनात कापलेली. दुरुस्तीचं बिल नेहमीच्या दरानेच लावलं.

आता मागणी बदलते आहे. स्वयंचलित गाड्यांनी ओढायचे, आपोआप जोडले जाणारे प्लॅटफॉर्म मागतात. त्यांना भार कमी, पण अचूकता फार लागते. टो-बारची उंची आणि चौकटीचा काटकोन दर नगाला सारखा यायला हवा. त्यासाठी सगळं टॅक (तात्पुरते छोटे वेल्ड) आता फिक्स्चरमध्येच (तुकडे मापात धरून ठेवणाऱ्या चौकटीत) मारतो, आणि वेल्डचा क्रम भिंतीवर लिहून ठेवलाय, समोरासमोरच्या बाजू आलटून पालटून, म्हणजे ओढ एकाच बाजूला येत नाही.

आणि ॲल्युमिनियमची चौकशीही वाढली आहे. स्टीलच्या साधारण एक तृतीयांश वजन, पण ताठपणाही एक तृतीयांशच, आणि 6061-टी6 सारख्या मिश्रधातूची वेल्डजवळची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. त्यामुळे तिथे वेल्ड कमी आणि बोल्ट जास्त अशी मांडणी करतोय. पहिला नमुना सध्या वजनाखाली ठेवलाय. सोमवारी वजन उतरवू, तेव्हा काटा कुठे येतो ते बघायचं.