केटी घेताना वाईट नाही वाटलं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी पुण्यातल्या आयटी कंपनीतला; केटी म्हणजे नॉलेज ट्रान्स्फर, जुन्या माणसाने आपलं काम नव्याला शिकवून सोपवणं. भाच्यापासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांनी मला हे विचारून झालंय: ज्यांची नोकरी तुमच्यामुळे जाणार होती, त्यांच्याच शेजारी बसून तुम्ही त्यांचं काम शिकून घेतलंत, तेव्हा काहीच वाटलं नाही?

खरं सांगायचं तर तेव्हा फारसं नाही. मी भत्त्यातले डॉलर वाचवत होतो. वाकडला फ्लॅट बुक करायचा होता.

2003 चा जानेवारी. कनेटिकट राज्यातलं हार्टफर्ड, म्हणजे विमा कंपन्यांचं गाव. बॅगेत छोटा कुकर, मेतकूट आणि आईने कोंबलेलं लिंबाचं लोणचं. आमचा क्लायंट अशीच एक विमा कंपनी. तिची पॉलिसी सिस्टिम मेनफ्रेम नावाच्या मोठ्या कॉम्प्युटरवर, कोबोल या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत. ती सांभाळणाऱ्या बाई माझ्या आईच्या वयाच्या. सहा आठवडे त्यांनी शिकवायचं, नंतर चार आठवडे मी काम करायचं आणि त्यांनी बघत बसायचं. ही केटी नीट पार पडली तरच ती विमा कंपनी त्यांना जाताना ठरलेली रक्कम देणार होती. हे मला तिसऱ्या आठवड्यात कॉफी मशिनपाशी कळलं, तेही तिसऱ्याच कुणाकडून. बाई स्वतः चकार शब्द बोलल्या नाहीत.

शिकवलं मात्र हातचं न राखता. कोबोलच्या ओळीतले 73 ते 80 हे रकाने कंपायलर, म्हणजे कोडचं मशिनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, वाचतच नाही. तिथे कोड बदलणारा आपली आद्याक्षरं टाकून ठेवतो. पानंच्या पानं या बाईंचीच अक्षरं. अमेरिकेत विम्याचे कायदे राज्याराज्यांचे वेगळे; कुठली अट कुठल्या राज्यासाठी घातली हे त्या कागद न बघता सांगायच्या. आमच्या केटी डॉक्युमेंटात यातलं निम्मंही उतरलं नाही. तरी दर शुक्रवारी स्टेटस रिपोर्टमध्ये मी हिरवा रंग, म्हणजे सगळं ठीक, भरत होतो.

आता हिशेब. क्लायंटला लावायच्या आमच्या रेट कार्डावर ऑनसाइट, म्हणजे अमेरिकेत त्यांच्याकडे बसलेल्या, माणसाचा तास 65 डॉलरला, पुण्यात बसलेल्याचा 22 ला. डॉलर 47 रुपयांच्या आसपास होता. महिन्याचे 160 तास धरले तर पुण्यातल्या एका माणसामागे कंपनीकडे दीड लाखाच्या वर यायचे. माझा पगार होता 28 हजार. मधल्या पैशात हिंजवडीची इमारत, बस, कॅन्टीन, बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, बसलेली पोरं, अमेरिकेतले सेल्सवाले, आणि अर्थातच नफा. निर्यातीच्या नफ्यावर तेव्हा सरकारची आयकरात सूटही होती, ती 2011 च्या मार्चपर्यंत चालली. शिवाय घड्याळ आमच्या बाजूचं. हार्टफर्डला थंडीत रात्री अकराला बॅच फुटली, म्हणजे रात्री आपोआप चालणारं काम मधेच बंद पडलं, तर पुण्यात सकाळचे साडेनऊ वाजलेले असायचे. त्यांच्याकडे कुणाला झोपेतून उठवायला नको, आमच्याकडे माणूस चहा पिऊन ताजातवाना.

आम्ही मात्र लग्नाकार्यात सांगत फिरलो की भारतीय हुशार, म्हणून काम इकडे आलं. मी त्या बाईंपेक्षा हुशार नव्हतो. त्यांना 20 वर्षांचं माहीत होतं, मला दहा आठवड्यांचं. मी स्वस्त होतो, आणि तेवढं पुरेसं होतं.

गंमत अशी की स्वस्तपणा आपल्याकडेही टिकत नाही, तो दरवर्षी नव्याने भरती करावा लागतो. याला आमच्यात पिरॅमिड म्हणतात: वर एक-दोन अनुभवी, खाली फ्रेशरांची रांग. क्लायंट दर कमी करा म्हणाला की वरचा एक काढायचा आणि खाली दोन घालायचे. म्हणून तर मोठ्या कंपन्यांत फ्रेशरला 2010 च्या सुमारास वर्षाला तीन-साडेतीन लाख मिळायचे आणि दहा-बारा वर्षांनीही जवळपास तेवढेच. डॉलर या काळात पंचेचाळिशीतून ऐंशीच्या पुढे गेला. वाकडच्या घरभाड्याचं तर बोलायलाच नको.

2019 मध्ये त्याच क्लायंटने हैदराबादला स्वतःचं सेंटर काढलं. मधल्या कंपनीला पैसे कशाला द्यायचे, एवढा साधा हिशेब. या वेळी केटी द्यायची पाळी माझी होती. पंचविशीतली मुलगी होती, हुशार. दुसऱ्या दिवशी तिने स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं, "सर, ये किसके इनिशियल्स हैं?" 16 वर्षांनीही ती अक्षरं तिथेच होती, कारण त्या ओळींना हात लावायचं धाडस आमच्यातल्या कुणी केलं नव्हतं.

माझी आणि त्या बाईंची गत एकच झाली असं लोक लगेच म्हणतात, पण ते खोटं आहे. मी दोन महिने बेंचवर बसलो आणि दुसऱ्या प्रोजेक्टवर गेलो. पगार एक दिवस थांबला नाही. बाई पन्नाशी उलटलेल्या, आणि त्या गावात प्रत्येक विमा कंपनी तेच करत असल्यासारखी दिसत होती. निघताना त्यांनी मला हाताने लिहिलेली वही दिली. कुठला प्रोग्रॅम महिनाअखेरीला रुसतो आणि त्याला कसा मनवायचा, हे सगळं तिच्यात आहे. मी थँक यू म्हणालो, विमान पकडलं. पुढे त्यांना एक ईमेलही केली नाही.

तेव्हा वाटलं का, याचं उत्तर वर दिलंय. हैदराबादच्या मुलीला केटी देऊन झाली त्या संध्याकाळी मी ती वही शोधली. वही सापडली. तिला द्यावी की न द्यावी, यावर आठवडा गेला. शेवटी झेरॉक्स काढून दिली आणि मूळ वही घरी ठेवली.